शेजार सवलत

काटेवाल्यांच्या गाडीची किंमत ज्या महिन्यात तिच्या विम्याच्या वार्षिक हप्त्यापेक्षा खाली गेली, त्या महिन्यात त्यांनी प्रथमच हप्त्याचं पत्र शेवटपर्यंत वाचलं. पत्र चार पानी होतं. कंपनीला त्यांच्याशी असलेलं नातं किती मोलाचं वाटतं, ते पहिल्या पानावर लिहिलं होतं. दुसऱ्या पानावर ते मोल आकड्यांत दिलं होतं. उरलेल्या दोन पानांवर त्या नात्यातून कंपनी कोणकोणत्या प्रसंगी अंग काढून घेईल, याची यादी होती.

काटेवाले म्हणजे दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांना नाव होतं, पण ते पॉलिसीवर. बाकी सगळे काटेवालेच म्हणत; रागात असली की बायकोसुद्धा. गाडीच्या डिकीत त्यांची तपासणीची वजनं असत, एक ग्रॅमपासून वीस किलोपर्यंत. ती घेऊन महिन्याला चाळीस दुकानं फिरायची, काटा खरा आहे की नाही ते पाहायचं आणि खरा असला की शिक्का मारायचा, हा त्यांचा धंदा. एकदा गाडी बिघडली म्हणून वजनं बसने नेली, तेव्हा कंडक्टरने वीस किलोच्या वजनाचं वेगळं तिकीट फाडलं आणि वर त्याला बसायला जागा दिली नाही. तेव्हा गाडी बंद म्हणजे धंदा बंद. आणि विमा नसलेली गाडी दिसली की पोलीस ती उचलून नेत, म्हणजे विमा बंद म्हणजे गाडी बंद.

त्या प्रांतात विमा देशात सगळ्यांत महाग होता. तो का महाग, याची कारणं सगळ्यांना तोंडपाठ होती आणि प्रत्येकाचं कारण वेगळं होतं. डॉक्टर म्हणत वकिलांमुळे, वकील म्हणत रस्त्यांमुळे, रस्तेखातं म्हणे गाड्यांमुळे. नदीपलीकडच्या प्रांतात हाच विमा निम्म्यात मिळे. तिथे काटेवाल्यांचा मेहुणा राहायचा.

"भाऊजी, माझ्या पत्त्यावर लावा की गाडी," मेहुणा फोनवर म्हणाला. "नुसती कागदावर. खऱ्या गाडीला कोण विचारतंय."

बायकोने फोन ओढून घेतला. "तुझ्या दोन खोल्यांत आत्ता किती गाड्या राहतात, ते आधी सांग."

"नऊ," मेहुणा म्हणाला. "आणि एक ट्रॅक्टर. पण ट्रॅक्टर सासऱ्यांचा आहे, त्यांना नाही म्हणता येत नाही."

बायको दातांच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. माणूस खोटं बोलायला लागला की तो आधी कुठला ओठ चावतो, हे तिला पंधरा वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. तिने फोन ठेवला आणि नवऱ्याला सरळ कंपनीत जायला सांगितलं.

कंपनीच्या कार्यालयात काटेवाल्यांच्या वाट्याला एक तरुण सल्लागार बाई आल्या. त्यांच्यासमोर संगणकाचा पडदा होता आणि पडद्यावर प्रश्न होते.

"किती वर्षं गाडी चालवता?"

"तेवीस."

"अपघात?"

"एकही नाही."

बाईंचा चेहरा पडला. "अपघात झालेला माणूस कसा वागतो, ते आम्हाला माहीत असतं, सर. तुमच्याबद्दल कंपनीकडे काहीच माहिती नाही." त्यांनी अज्ञानाचे पैसे लावले. "व्यवसाय?"

"काटे दुरुस्त करतो. वजनं असतात बरोबर."

यादीत काटे नव्हते. बाईंनी बराच वेळ वरखाली केलं. "अवजड यंत्रं आणि शस्त्रास्त्रं यात टाकते. त्यातल्या त्यात जवळचं तेच आहे. घरात गाडी चालवणारं आणखी कोण?"

"कोणी नाही. बायको शेजारी बसते, पण ती चालवत नाही. नुसतं सांगते."

"म्हणजे दोन चालक," बाई म्हणाल्या आणि तसं भरलं.

शेवटी जो आकडा आला तो पत्रातल्या आकड्यापेक्षाही मोठा होता, कारण पत्र लिहिताना कंपनीला एवढी माहिती नव्हती. काटेवाल्यांनी खुर्ची पुढे ओढली. परवडेल असं काहीच नाही का, असं त्यांनी जवळजवळ कुजबुजत विचारलं.

"एक आहे," बाईही आवाज खाली आणून म्हणाल्या. "पण ते तुमच्या हातात नाही. शेजाऱ्यांच्या हातात आहे."

तिचं नाव शेजार सवलत. एका गल्लीतल्या बारा घरांनी मिळून अर्ज केला तर प्रत्येकाचा हप्ता एकतृतीयांश. अट एकच. तीन वर्षं त्या गल्लीतून एकही दावा येता कामा नये. एक जरी आला, तरी बाराही घरांची सवलत रद्द आणि तोवर दिलेली सगळी सवलत दंडासह परत वसूल.

"पण क्लेम करायचाच नाही, तर विमा कशाला?"

"विमा कायद्यासाठी असतो, सर," बाई समजावत म्हणाल्या. "क्लेम ही वेगळी सवय आहे."

काटेवाल्यांच्या गल्लीत बरोबर बारा घरं होती. कोपऱ्यावर मोठ्या बाई, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. अर्धी गल्ली त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे पन्नाशीतला वायरमनही त्यांच्यासमोर पाय जुळवून उभा राही. समोर चष्मेवाले, म्हणजे नजर तपासून चष्मे करून देणारे. बाकीची घरं या दोघांचं ऐकणारी. बैठक चष्मेवाल्यांच्या गॅरेजमध्ये झाली. एकतृतीयांश हा शब्द दोनदा उच्चारल्यावर विरोध कोणी केलाच नाही. त्याच बैठकीत अपघात निवारण समिती स्थापन झाली, मोठ्या बाई अध्यक्ष झाल्या, आणि गाडी मागे घेताना दोन माणसांनी मागे उभं राहायचं, असा पहिला नियम झाला. पहिल्या आठवड्यात त्या दोन माणसांपैकी एकाच्या पायावरून चाक जाता जाता राहिलं, म्हणून तिसरा माणूस नेमला गेला.

सवलतीचं पत्र आलं तेव्हा गल्लीने काटेवाल्यांना डोक्यावर घेतलं. अरुंद जागी लोक भिंतीला टेकून त्यांना आधी वाट देऊ लागले. वायरमनने त्यांच्या घराची बेल फुकट बदलली. काटेवालेही रस्त्याने जरा मान वर करून चालू लागले, आणि तेवीस वर्षांत जे आलं नव्हतं ते समाजातलं स्थान आपल्याला विम्याने दिलं, असं बायकोला सांगू लागले.

चौथ्या महिन्यात चष्मेवाल्यांनी गाडी मागे घेताना वायरमनच्या गाडीचं दार आत ढकललं. तिन्ही माणसं मागे उभी होती, पण ती चष्मेवाल्यांच्या गाडीकडे बघत होती. वायरमनला दार भरून हवं होतं. क्लेम हा शब्द त्याच्या तोंडून गेला, आणि गॅरेजमधली हवाच बदलली. सगळे काटेवाल्यांकडे बघू लागले, कारण योजना त्यांनी आणली होती.

काटेवाल्यांना सुचलं ते त्यांच्या धंद्यातलं. तीच त्यांची चूक झाली.

"जगात शून्य चुकीचा काटा नसतो," ते म्हणाले. "किलोमागे चिमूटभर इकडेतिकडे झालं, तर त्याला आम्ही चूक म्हणत नाही. माफ चूक म्हणतो. आणि काट्यावर खरा म्हणून शिक्का मारतो. काटा जितका मोठा, तितकी माफ चूक मोठी. सोनाराच्या काट्याला कण चालत नाही, ट्रकच्या काट्याला वीस किलो चालतात."

"म्हणजे चूक आहे, पण नाही," मोठ्या बाईंनी नीट समजून घेतलं.

"आहे, पण धरायची नाही."

मोठ्या बाईंनी ते लिहून काढलं. लिहिताना 'माफ'चं 'अनुज्ञेय' झालं, कारण माफ म्हटलं की कोणीतरी चुकलंय असं वाटतं. दाराच्या एका पोच्यापर्यंतचा प्रसंग अनुज्ञेय ठरला. त्यासाठी एक वही घालण्यात आली. तिच्यावर बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: न घडलेल्या घटनांची नोंदवही.

वर्षभरात वही अर्धी भरली. आधी पोचा अनुज्ञेय होता, मग आरसा झाला, मग पुढचा दिवा. प्रत्येक वेळी नवी घटना जुन्या मर्यादेपेक्षा थोडीशीच मोठी असे, आणि एवढ्याशासाठी अकरा घरांना भरडायचं का, असा प्रश्न एक जण विचारी आणि दहा जण मान डोलावत. गोष्ट माणसांपर्यंत आली ती मोठ्या बाईंनी एकदा कारण नसताना करकचून ब्रेक लावला तेव्हा. मागून येणारा वायरमन गचकन थांबला, आणि त्याचे पुढचे दोन दात थांबले नाहीत.

दवाखान्याच्या खिडकीवर काटेवाल्यांची बायको होती.

"कशाने झालं?"

"बाथरूममध्ये पडलो, वहिनी," वायरमनने खालचा ओठ चावायचा प्रयत्न केला. वर चावायला काही नव्हतं.

"तोंडावर?"

"घाईत होतो."

संध्याकाळी तिने नवऱ्यासमोर चहाचा कप ठेवला आणि उभीच राहिली. "अहो, गल्लीतला हा पाचवा. सगळे बाथरूममध्येच कसे पडतायत?"

"ते अनुज्ञेय आहे."

"तुमच्या धंद्यात माफ चूक दर वेळी वाढते का हो?"

"छे. ती ठरलेली असते."

"मग इथे?"

"इथे समिती आहे," काटेवाले म्हणाले.

तीन वर्षं पुरी व्हायला पाच महिने उरले असताना मोठ्या बाईंच्या पायाला ब्रेकच्या जागी दुसरंच काही लागलं. त्यांची नजर गेली होती, हे चष्मेवाल्यांना दोन वर्षांपासून माहीत होतं. पण नजरेत बदल झाला तर कंपनीला कळवायचं, असं अर्जात छापलेलं असल्यामुळे, नजरेत बदल झालेला नाही असा निर्णय त्यांनी घेतला होता. काटेवाले आपल्या दारात, आपल्या उभ्या गाडीत बसून पहिल्या दुकानाचा पत्ता बघत होते. बाईंची गाडी त्यांच्या गाडीच्या दारातून आत आली. काटेवाल्यांची गाडी विजेच्या खांबाला चिकटली, आणि त्यांचा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला.

गाडी दुरुस्तीच्या पलीकडे गेली होती. गॅरेजवाल्याने ती बघून टोपी काढली. नवी गाडी घ्यायची तर क्लेमशिवाय ते शक्य नव्हतं. क्लेमचा कागद बायकोनेच आणला, भरला, आणि सहीसाठी इस्पितळात नवऱ्याच्या उशाशी ठेवला. तो तिथे ठेवते न ठेवते तोच समिती आली. मोठ्या बाई स्वतःच प्रकरणात असल्यामुळे त्यांनी अध्यक्षपद तात्पुरतं सोडलं होतं. त्या फक्त मत द्यायला आल्या होत्या. त्यांचे डोळे खरोखरच सुजले होते.

"काटेवाले, आम्ही तुम्हाला काहीच सांगणार नाही," चष्मेवाले खुर्ची ओढत म्हणाले. "फक्त किती महिने राहिलेत तेवढं सांगतो. पाच."

"माझे दोन दात गेले," वायरमन म्हणाला. "मी बोललो का?"

"अहो, पाय मोडलाय माझा," काटेवाले म्हणाले. "दोन ठिकाणी. माफ चुकीला काही मर्यादा असते."

"असते ना. काटा जितका मोठा, तितकी माफ चूक मोठी, हे तुमचेच शब्द. वहीत आहेत." चष्मेवाल्यांचा आवाज अतिशय मऊ होता. "आता तुम्ही एकट्याचा पाय एकट्या माणसाच्या काट्यावर ठेवला, तर जड होणारच. बारा घरांच्या काट्यावर ठेवून बघा."

धंद्याची सवय वाईट. बारा घरं, एकेचाळीस माणसं, ब्याऐंशी पाय. काटेवाल्यांनी मनातल्या मनात भागाकार केला, आणि आपला पाय एकाएकी लहान दिसू लागल्याचं त्यांना जाणवलं.

बायकोनेही तोच भागाकार केला होता. "शंभरात एकाहून जास्त झाली की हो. एवढी चूक तुमच्या कुठल्या काट्याला माफ असते?"

काटेवाल्यांनी जरा विचार केला. "भंगारवाल्यांच्या," ते म्हणाले.

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "त्यांच्याकडेच आहे गाडी."

समितीने तिथल्या तिथे ठराव केला, की काटेवाल्यांना पाय बरा झाल्यावर रोज आळीपाळीने एकेका घराने आपल्या गाडीतून दुकानांना न्यायचं, नवी गाडी होईपर्यंत. ठरावावर सगळ्यांच्या सह्या झाल्या. मोठ्या बाईंनी वही उघडून पुढे केली. काटेवाले त्यांच्याच शाळेत शिकलेले होते. बाईंनी वही पुढे केली की सही करायची, हे त्यांच्या हाताला चाळीस वर्षांपासून माहीत होतं. 'बाथरूममध्ये पडलो,' असं लिहून त्यांनी खाली सही केली. क्लेमचा कागद बायकोने चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला. त्या दिवशी ती त्यांना काटेवाले असंसुद्धा म्हणाली नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा पहिल्या सोमवारी चष्मेवाले त्यांना तीन दुकानांत घेऊन गेले. मंगळवारी वायरमनने पॉलिसी काढून दाखवली: खाजगी गाडीतून अवजड यंत्रं आणि शस्त्रास्त्रं नेल्यास सवलत रद्द. तो म्हणाला, माझं काही नाही, नियमात बसत नाही. बुधवारपासून कोणाचंच नियमात बसलं नाही. चाळीसपैकी छत्तीस दुकानांनी दुसरा काटेवाला बघितला. तो नदीपलीकडून येई. त्याची गाडी मेहुण्याच्या पत्त्यावर होती.

तीन वर्षं मात्र पुरी झाली. दावे शून्य. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी येऊन गल्लीच्या तोंडाशी 'आदर्श शेजार' अशी पाटी लावली. साहेबांनी काटेवाल्यांची कुबडी बघून चौकशी केली, तेव्हा अकरा घरांनी एका सुरात बाथरूम म्हटलं. साहेबांनी सहानुभूतीने मान हलवली आणि आपल्या डायरीत टिपून घेतलं. त्या टिपणाचं पुढे काय होईल, याचा विचार टाळ्यांच्या आवाजात राहून गेला.

गल्लीचा आरोग्यविमाही त्याच कंपनीचा होता. तिथला हिशेब तपासता कंपनीच्या असं लक्षात आलं, की एकेचाळीस माणसांच्या या गल्लीत तीन वर्षांत सतरा माणसं बाथरूममध्ये पडली. संपूर्ण प्रांतात एवढी धोकादायक बाथरूमं दुसरी नव्हती. आरोग्याचा हप्ता चौपट झाला. मोटारीत वाचलेले पैसे आरोग्यात जाऊन वर आणखी भरावे लागले, आणि प्रत्यक्ष पाहणीसाठी एक निरीक्षक आले.

निरीक्षक काटेवाल्यांच्या बाथरूमपाशी आले तेव्हा बाकीची गल्ली जिन्यात कान देऊन उभी होती. त्यांनी फरशी ठोकली, नळ सोडून बंद केला, मग स्वतः आत उभं राहून पाहिलं. दोन्ही कोपरं दोन भिंतींना टेकली.

"इथे पडलात?"

"हो."

"इथे पडायला जागाच नाही. माणूस कलंडला तरी उभाच राहील. आणि पाय दोन ठिकाणी मोडलाय." त्यांनी लेखणी खाली केली. "हे बघा, गाडीने लागलं असेल तर तसं सांगा. जुन्या तारखेने अजूनही दावा करता येतो. गाडीचे पैसे मिळतील, पायाचे मिळतील."

बायको दारात उभी होती. तिने पर्स उघडली आणि घड्या घातलेला कागद नुसता बाहेर काढून धरला. काटेवाल्यांनी कागदाकडे पाहिलं. मग जिन्याकडे पाहिलं. वरच्या पायरीवर मोठ्या बाई कठड्याला धरून उभ्या होत्या. त्यांना इतक्या लांबून काटेवाले दिसत नव्हते, पण त्या दिशेने त्या बघत होत्या. त्यांच्या खाली वायरमन, आपले नवे दात मिटून.

"दोनदा पडलो," काटेवाले म्हणाले.

निरीक्षकांनी तसं लिहिलं. जाताना त्यांनी स्नानगृह सवलतीचा छापील अर्ज दिला: बारा घरं, तीन वर्षं, एकही दावा नाही, हप्ता एकतृतीयांश. गल्लीने तो त्याच दिवशी भरला. उद्या कोणी खरोखरच बाथरूममध्ये पडलं तर काय लिहायचं, हा मुद्दा तेवढा उपसमितीकडे गेला आहे.

हल्ली त्या गल्लीत एखादं घर रिकामं होण्याची वाट बघत बरीच कुटुंबं यादीत आहेत. ही हकीकत आजवर पुष्कळ लोकांना सांगून झाली. सगळे भले लोक. ते हसतात, कपाळाला हात लावतात, काय एकेक माणसं असतात म्हणतात. मग जरा थांबून, हप्ता नक्की किती बसतो ते विचारतात, आणि आपल्या गल्लीत बारा घरं भरतात का, ते बोटांवर मोजून बघतात. काटेवाले आता काय करतात, त्यांचं कसं चाललंय, हे मात्र अजून एकानेही विचारलेलं नाही. आपण विचारणारच होतात, असं आपण म्हणाल. तसं त्या वहीत लिहून घ्यायला काहीच हरकत नाही.